सोंगाड्या गिटार

गिटार वाजवणारा माणूस गर्दीत ओळखायचा असेल तर त्याच्या बोटांकडे पाहू नये, खिशाकडे पाहावं. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर डोकावत असेल तर तो गिटारवाला. आता वाद्याची डागडुजी कुणाला चुकली आहे? सतारिया खुंट्या पिळतो, तबलजी हातोडीनं गट्टे ठोकतो, पेटीवाला भात्याला ठिगळ लावतो. पण एवढं झालं की ही मंडळी वाजवायला लागतात हो! गिटारवाल्याचं तसं नाही. तो गिटार उघडतो, आतलं बाहेर काढतो, बाहेरचं आत घालतो, झाकण लावतो, एक तार छेडतो, मान वाकडी करून ऐकतो, 'च्' करतो आणि पुन्हा उघडतो. या उघडझाकीत एखादं गाणं वाजून गेलंच तर तो अपघात समजावा.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमचा भाचा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत असतो आणि उरलेल्या वेळात गिटारीच्या पोटात असतो. 'पुण्यात तुझ्याशिवाय त्याला कोण आहे?' असं म्हणून बहिणीनं त्याला चार दिवसांसाठी आमच्याकडे ठेवला, त्याला आता नऊ वर्षं झाली. त्याची खोली आणि आमचा दिवाणखाना यांच्यामध्ये एक भिंत आहे. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार त्या भिंतीइतकाच आहे. भिंतीला लिहिता येत नाही म्हणून मी लिहितो. नाटकांची परीक्षणं लिहिणारे लोक नाटक न पाहताच लिहितात असा एक प्रवाद आहे. माझ्यावर तो आळ कुणी घेऊ नये. हे नाटक मी रोज रात्री साडेअकरापर्यंत ऐकतो.

ज्या गिटारीची समीक्षा करायची आहे ती साधी विजेची गिटार नव्हे. साध्या गिटारीत लपवण्यासारखं काही नसतं. ती मुळात एक फळी. तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. याला पिकअप म्हणायचं. वरची पोलादी तार थरथरली की खालच्या वेढ्यांत इवलीशी वीज खेळते, ती केबलमधून ॲम्प्लिफायरकडे जाते आणि तिथून शेजाऱ्यांकडे. बस्स, एवढंच. पण गंमत अशी की हा पिकअप घोडीच्या जवळ बसवला तर आवाज टोकदार येतो, मानेकडे सरकवला तर गोल येतो. वेढे वाढवले की आवाज भारदस्त होतो. म्हणून फेंडर कंपनीची १९५४ साली निघालेली स्ट्रॅटोकास्टर एक बोलते, गिब्सनची १९५२ची लेस पॉल दुसरंच बोलते, आणि खऱ्या वेड्या माणसाला दोघींचंही बोलणं घरात हवं असतं. आता १९५८ ते १९६० या काळातल्या लेस पॉल गिटारी लाखो डॉलरला जातात. म्हणजे एक गिटार किंवा कोथरूडचा एक फ्लॅट. गिटारीला मेंटेनन्स नाही आणि पार्किंगचं भांडण नाही, हे खरं. पण तिच्यात राहता येत नाही.

या अडचणीवर कॅलिफोर्नियातल्या 'लाइन सिक्स' नावाच्या कंपनीनं तोडगा काढला. या कंपनीनं आधी १९९८ साली 'पॉड' नावाची एक लाल पेटी काढली होती. तिचा आकार थेट राजम्याच्या दाण्यासारखा. त्या दाण्यात डझनभर नामांकित ॲम्प्लिफायरांचे आवाज भरले होते. मग २००२-०३च्या सुमाराला तोच उद्योग तिनं खुद्द गिटारीवर केला आणि 'व्हॅरिॲक्स' नावाची गिटार बाजारात आणली. (त्याआधी १९९५ साली जपानच्या रोलँड कंपनीनं 'व्हीजी-८' नावाचं यंत्र काढलं होतं, पण ते गिटारीच्या बाहेर बसायचं. पाहुण्यानं अंगणात बसावं तसं.) या व्हॅरिॲक्समध्ये लोहचुंबक नाहीत, वेढे नाहीत. घोडीमध्ये प्रत्येक तारेखाली एक छोटा स्फटिक आहे. तारेचा दाब बदलला की तो त्याची वीज करतो. आतला संगणक त्या विजेचे आकडे करतो आणि गणित मांडतो, की हीच तार, याच ठिकाणी, याच जोरानं एखाद्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरवर वाजली असती तर कसा आवाज आला असता? उत्तर येतं ते तुमच्या कानावर पडतं. बटन फिरवलं की तीच गिटार लेस पॉल होते. आणखी फिरवलं की बारा तारांची. आणखी फिरवलं की बँजो.

आमच्या लहानपणी दारावर बहुरूपी यायचे. आज फौजदार, उद्या पोस्टमन, परवा मारुती. फौजदाराच्या वेषातला बहुरूपी दरडावून नाव-गाव विचारायचा आणि आजोबा हसत हसत त्याला पायली-अर्धी पायली धान्य घालायचे. कारण हा फौजदार नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं. खऱ्या फौजदाराला दिलं असतं तर त्याला वेगळं नाव पडलं असतं. व्हॅरिॲक्स ही अशी बहुरूपी गिटार आहे आणि सोंग म्हणून पाहिलं तर उत्तम आहे. गणपतीत एका रात्री लावणीपासून पंचमदांच्या गाण्यांपर्यंत सगळं वाजवावं लागणारा ऑर्केस्ट्रातला गिटारवादक डोळ्यांपुढे आणा. चार गिटारी घेऊन त्यानं एसटीत चढायचं कसं? त्याला ही एकच पुरते. सहा पेन्सिल सेल घातले की झालं. त्याच्या दृष्टीनं हे यंत्र म्हणजे वरदान आहे, आणि टीकाकारांनी नाकं मुरडण्यापूर्वी एकदा तरी मिरजेहून रात्रीच्या एसटीनं चार वाद्यं घेऊन यावं.

मिरजेवरून आठवलं. या गिटारीत एक बटन 'सतारी'चंही आहे. भाच्यानं मोठ्या कौतुकानं ते आमच्या सौभाग्यवतींना ऐकवलं. सौ. गातात. त्यांचा तानपुरा मिरजेचा आहे, त्यामुळे तारेच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो. (इतर बाबतींतही असतो, पण इथे विषय वाद्याचा आहे.) त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सतारच आहे रे. पण तिला पडसं झालंय."

यात भाच्याचा दोष नव्हता आणि कंपनीचाही फारसा नव्हता. त्या बटनामागे सतार नाहीच. १९६७च्या सुमाराला अमेरिकेत 'कोरल' नावाची विजेची सतार निघाली होती. म्हणजे मुळात गिटारच, पण सतारीसारखी झिणझिण यावी म्हणून तिला पसरट घोडी लावलेली. व्हॅरिॲक्स नक्कल करते ती या कोरलची. म्हणजे सतारीचं सोंग घेतलेल्या गिटारीचं सोंग घेतलेली गिटार! नाटकात पुरुष स्त्रीची भूमिका करायचे. इथे त्या पुरुषाची भूमिका करायला तिसरंच कुणी उभं राहिलं आहे.

आता सतारीची किंवा तानपुऱ्याची ती झिणझिण, जिला आपण जवारी म्हणतो, येते कुठून? घोडीचा माथा सपाट दिसतो पण सपाट नसतो. कारागीर त्याला कानसीनं इतका सूक्ष्म उतार देतो की तार थरथरताना त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि एका सुरातून अनेक सूर उमलतात. तानपुऱ्यात तर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. दोरा किंचित इकडेतिकडे झाला की आवाज एकदम उघडतो, खोलीत दिवा लावल्यासारखा. मिरजेला हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली, पंढरपूरकडचे भोपळे आणून तानपुरे करू लागली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या मते तलवारीकडून तानपुऱ्याकडे गेलेली कानस ही आपल्या इतिहासातली एक फार सभ्य घटना आहे, पण तिच्यावर पोवाडा कुणी केलेला नाही.

असो. पुन्हा भाच्याकडे. व्हॅरिॲक्सवर करायची खटपट दोन प्रकारची असते: पडद्यावरची आणि सुताराकडची.

पडद्यावरच्या खटपटीसाठी कंपनीनंच 'वर्कबेंच' नावाचा प्रोग्राम दिला आहे. गिटार केबलनं संगणकाला जोडायची, की पडद्यावर गिटारीचं चित्र येतं. मग माऊसनं पिकअप उचलायचा आणि हवा तिथं ठेवायचा, तिरका करायचा, लेस पॉलचा पिकअप टेलिकास्टरच्या अंगावर बसवायचा. लाकूड बदलायला सुतार नको, पिकअप बदलायला पैसे नकोत. प्रत्येक तारेचा सूरही वेगळा ठरवता येतो. खुंटीला हात न लावता सगळी गिटार दोन सूर खाली उतरते. ऐकायला हे स्वर्गीय वाटतं. अडचण एवढीच, की खरी तार काही उतरलेली नसते. ती बिचारी आपल्या मूळ सुरातच वाजत असते. मोठ्या स्टेजवर ते कळत नाही. पण आमच्यासारख्या दहा बाय बाराच्या खोलीत, रात्री आवाज बारीक ठेवून वाजवलं, की तारेतून एक सूर आणि स्पीकरमधून दुसरा असे दोन सूर एकदम ऐकू येतात. जावा-जावा एकाच स्वयंपाकघरात बोलाव्यात तसे. यावर भाच्यानं हेडफोनचा उपाय काढला. आता त्याला कानात बुडापेस्टचा वाद्यवृंद ऐकू येतो आणि आम्हाला भिंतीपलीकडून कुणीतरी सायकलीच्या आऱ्या मोजल्यासारखा आवाज.

पण त्याहून मोठी आपत्ती म्हणजे परीक्षा. अशा प्रत्येक फेरबदलानंतर तो हेडफोन काढतो आणि मला हाक मारतो.

"मामा, ऐक हं. हा आधीचा." टँऽग. "आणि हा आत्ताचा." टँऽग. "कळतोय ना फरक?"

या प्रश्नाला 'हो' म्हटलं तर तो 'कसा?' म्हणून विचारतो आणि 'नाही' म्हटलं तर चेहरा पाडतो. एकदा मी सरळ सौभाग्यवतींकडे बोट दाखवलं. त्या कणीक मळत होत्या. त्यांनी दोन्ही टँऽग ऐकले आणि म्हणाल्या, "दुसरा जरा मोकळा वाटतो." भाचा खुलला. अर्ध्या तासानं तो खाली मान घालून स्वयंपाकघरात आला. पडद्यावरचा बदल गिटारीत पाठवायचा बटनच त्यानं दाबला नव्हता. दोन्ही आवाज एकच होते. सौ. म्हणाल्या, "मग तू दुसऱ्यांदा नीट वाजवलंस. ते करत जा."

या एका वाक्यावर डिजिटल यंत्रांच्या व्यापाराची निम्मी समीक्षा आटोपते. पण उरलेली निम्मी मला करायची आहे, कारण ती जास्त मनोरंजक आहे.

ही यंत्रं नक्कल करतात ती कशाची? गुणांची म्हणाल तर तसं नाही. जुन्या गिटारींत आणि व्हॉल्वच्या ॲम्प्लिफायरांत जे जे बिघडलेलं, गळकं, घरघरणारं होतं त्याची. एकेरी वेढ्यांचा पिकअप असला की त्यात घरातल्या विजेची घूंऽ घुसते. ती घालवायला गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली दुहेरी, उलट्या वेढ्यांचा पिकअप काढला. पेटंट मिळेपर्यंत त्याच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवत. पेटंट १९५९ साली मिळालं, तरी चिठ्ठ्या आणखी काही वर्षं चिकटतच राहिल्या. पुढे नंबर छापायची वेळ आली तेव्हा छापला तो भलत्याच पेटंटाचा, तारा अडकवायच्या पट्टीचा! आपल्या कुठल्याही सरकारी कचेरीला शोभेल असा हा कारभार. पण आज तो 'अर्ज केला आहे' वाला पिकअप सोन्याच्या भावानं जातो. वेढे मोजण्यात तेव्हा ढिलाई होती, त्यामुळे कुठलेही दोन पिकअप सारखे नाहीत, आणि त्या ढिलाईचीच आज लोक पूजा करतात. डिजिटल कंपन्या त्यातला एखादा नामी पिकअप शोधून त्याच्या ढिलाईचं अचूक गणित मांडतात.

याच कंपनीनं २०१५ साली 'हेलिक्स' काढलं. त्यात ॲम्प्लिफायरच्या नकलेबरोबर काही खोलवरची बटनं दिली आहेत. एका बटनाचं नाव 'हम'. म्हणजे ती जुनी घूंऽ किती टक्के हवी ते ठरवा. दुसऱ्याचं नाव 'सॅग'. जोरात तार छेडली की जुन्या ॲम्प्लिफायरमधली वीज क्षणभर खाली बसायची आणि आवाज दबून पुन्हा उसळायचा. ती वीज किती खाली बसवायची ते या बटनानं ठरतं. हे मला भाच्यानं समजावून सांगितलं तेव्हा माझ्यातला महाराष्ट्रीय वीजग्राहक गहिवरला. अरे, मे महिन्याच्या संध्याकाळी पंख्याची पाती मोजता येतील इतकी वीज खाली बसायची, ट्यूबलाइट डोळे मिचकवायची, आणि त्याचं आम्ही बिल भरायचो! अमेरिकेतल्या एडी व्हॅन हेलन यांनी तर ॲम्प्लिफायरला मुद्दाम कमी व्होल्टेज देऊन आवाज मिळवला आणि त्या आवाजाला जगभर नाव झालं. ते लोडशेडिंगच्या काळात आमच्याकडे येते तर त्यांना काहीच खटपट करावी लागली नसती.

तेव्हा यंत्र खोट्या वीजटंचाईसह हुबेहूब सोंग आणतं, हे मान्य. त्याबद्दल त्या इंजिनिअरांना नमस्कार. पण आता सुताराकडची खटपट पाहा.

या गिटारीचे आवाज लोकांना आवडले. अंग मात्र पुष्कळांना आवडलं नाही. मग हौशी लोकांनी काय करावं? स्वस्तातली सेकंडहँड व्हॅरिॲक्स घेतली, तिचं पोट फाडलं, आतली पट्टी, बटनं, घोडी, स्फटिक सगळं बाहेर काढलं आणि आपल्या आवडत्या गिटारीत बसवलं. याला ते 'ट्रान्सप्लांट' म्हणतात. आमच्या भाच्यानं हे केलं तेव्हा लाकडात खाच पाडायला त्यानं आमच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या करणाऱ्या सुतारालाच बोलावलं. सुतारानं गिटार उलटसुलट करून पाहिली, पेन्सिल कानावरून काढली आणि विचारलं, "दादा, यात ड्रॉवर उघडणार कुठल्या बाजूनं?" मशीन लावल्यावर तीन दिवस घरात लाकडाचा भुसा उडत होता. आमटीतही होता. चौथ्या दिवशी भाच्यानं केसाएवढ्या वायरी एकेक करून डाग देऊन जोडल्या, आणि त्याच रात्री जाहीर केलं, की आता यात खरे लोहचुंबकाचे पिकअपही बसवणार.

"अरे, ते नसावेत म्हणून तर ही गिटार घेतलीस ना?"

"हो मामा, पण सेल संपले तर?"

हसू नका. पुढे २०१० साली कंपनीनंच जेम्स टायलर यांच्याकडून आराखडे करून घेतलेली नवी व्हॅरिॲक्स काढली, तीत नकलेबरोबर खरे पिकअपही होते. हौशी लोकांनी ते आधीच आपापल्या सुतारांकडून करून घेतलं होतं.

इथे मला या वेड्यांबद्दल आदर वाटू लागतो. गिटारीचा इतिहास पाहिला तर तिथं कारखान्याइतकंच घरचं माजघर आहे. 'क्वीन' या इंग्लिश वाद्यवृंदाचे ब्रायन मे यांनी १९६३ साली, सोळाव्या वर्षी, वडिलांच्या मदतीनं घरी गिटार करायला घेतली. मानेचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. दांडीच्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या. दांडीच्या टोकाला विणकामाच्या सुईचं टोक. मानेवरच्या खुणा शिंपल्याच्या बटनांच्या. तीच गिटार घेऊन ते आयुष्यभर वाजवत राहिले आणि २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून वाजवली. (त्यांचे गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकले, एवढ्या नात्यानं या गिटारीवर आपलाही थोडा हक्क पोचतो.) नंतर त्या गिटारीचा आवाज काढणारी डिजिटल पेटीही बाजारात आली. म्हणजे बापलेकांनी सुट्टीत केलेली खटपट आता दुकानात मिळते. फक्त बाप, लेक, शेकोटी आणि सुट्टी त्यात येत नाही.

आपल्याकडेही हेच झालंय. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला जादा तारा चढवून मोहनवीणा केली आणि १९९४ साली ग्रॅमी मिळवला. पाश्चात्त्य पेटी आपण मांडी घालून वाजवता येईल अशी करून घेतली. परक्या वाद्याला आपण कधी 'जसं आहे तसं' घरात घेतलेलंच नाही. नव्या सुनेसारखं त्याचं नाव बदललं, बसायची जागा बदलली, मगच ओटी भरली.

पण ही सगळी खटपट शक्य झाली, कारण ती वाद्यं उघडता येत होती. सोंगाड्या गिटारीवर माझा खरा आक्षेप आहे तो इथं. तिचं लाकूड उघडतं, बुद्धी उघडत नाही. पिकअप कुठं ठेवायचा ते तुम्ही ठरवा, पण जे गणित आवाज घडवतं त्याच्या खोलीत तुम्हाला प्रवेश नाही. नट तुमच्या घरी राहायला आला आहे. रंगपटाची किल्ली मात्र कंपनीकडे आहे. मग ती कंपनी विकली गेली की किल्लीही जाते. (लाइन सिक्स २०१४ साली यामाहाकडे गेली. तिथं ती सुखात आहे, पण मुद्दा ध्यानात घ्या.)

भाच्याकडे आवाज बदलणारी आणखी एक पेटी आहे. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. पेटी ठणठणीत आहे. पण तिच्यातले आवाज बदलण्याचा प्रोग्राम नव्या संगणकावर चालत नाही. कंपनीला पत्र पाठवलं, तर उत्तर आलं की नवी पेटी फार छान आहे. तेव्हा या एका कामासाठी भाच्यानं बारा वर्षांपूर्वीचा एक लॅपटॉप जिवंत ठेवला आहे. त्याची बॅटरी फुगली म्हणून काढली, बिजागरीला चिकटपट्टी आहे, आणि सुरू केला की त्याचा पंखा गिरणीसारखा घुमतो. त्याला इंटरनेट दाखवायचं नाही, कारण ते दिसलं की तो स्वतःला सुधारायला घेतो आणि सुधारला की प्रोग्राम मरतो! आमच्या घरात एका म्हाताऱ्याला दुसऱ्या म्हाताऱ्याशी बोलता यावं म्हणून तिसऱ्याचं इतकं औषधपाणी कधी झालं नव्हतं.

याच्या शेजारी, त्याच टेबलावर, एक उघडी हिरवी पट्टी पडलेली असते. ती त्यानं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणली. तिच्यावर 'पीटी २३९९' नावाची एक चिप आहे. तुम्ही तिला नावानं ओळखत नसाल, पण तुम्ही तिला ऐकलेलं आहे. कॅराओकेच्या स्वस्त यंत्रात आणि मांडवातल्या माईकमागे 'माऊली... माऊली... माऊली' असा जो प्रतिध्वनी येतो तो पुष्कळदा तिच्याच कृपेनं. तीही डिजिटलच आहे. आवाजाचे आकडे करून क्षणभर साठवते आणि परत सोडते. पण तिचा एक पाय बाहेर मोकळा आहे. त्या पायाला कितीचा रेझिस्टर लावला यावर प्रतिध्वनी किती उशिरा येणार ते ठरतं. कंपनीनं सांगितल्यापेक्षा मोठा रेझिस्टर लावला की प्रतिध्वनी लांबतो आणि किरकिरा, मळकट होत जातो. आणि तो मळकटपणाच गिटारवाल्यांना इतका आवडतो की जगभर लोक या चिपभोवती पेट्या बांधतात. प्रोग्राम नको, पासवर्ड नको, लॅपटॉप नको. मिसळीच्या पैशांत येते, डाग देताना जळली तर दुसरी आणता येते. भाचा तिच्याशी खेळत असतो तेव्हा शीळ घालतो. त्या दुसऱ्या पेटीपुढे बसतो तेव्हा शीळ घालताना मी त्याला ऐकलेलं नाही. भिंत साक्ष देईल.

गेल्या महिन्यात सौभाग्यवतींच्या तानपुऱ्याची जवारी काढून घ्यायची होती. मिरजेचे कारागीर आले, जमिनीवर बसले, घोडी काढली, तिच्यावर चार वेळा कानस फिरवली, तार लावली, ऐकली. पुन्हा काढली. पुन्हा कानस. भाचा समोर मांडी घालून बसला होता. दोन तासांत त्यानं एकदाही 'कळतोय ना फरक?' असं विचारलं नाही, कारण फरक दाराबाहेरच्या दूधवाल्यालाही कळत होता. चाळीस वर्षांचा तानपुरा पुन्हा बोलायला लागला. जाताना भाच्यानं त्यांना आपली कापून शिवलेली गिटार दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, घोडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हिची घोडी लोखंडाची आहे. हाडाची करून बघा."

झालं! त्या दिवसापासून तिसरी खटपट सुरू आहे. भाच्यानं हाडाची पट्टी मिळवली आहे. ती घोडीपुढे बसवून तारेला खरी जवारी द्यायची आणि ती स्फटिकातून संगणकाच्या कानात घालायची, असा बेत आहे. संगणकाला साध्या तारेचं गणित शिकवलेलं आहे. ही झिणझिणती तार ऐकून तो पहिल्या दिवशी इतका भांबावला की लेस पॉलच्या बटनावर त्यानं पत्र्याच्या डब्यात मधमाश्या सोडल्यासारखा आवाज काढला. भाच्याला तो आवाज फार आवडला. नकलेत नसलेला पहिला आवाज, म्हणाला. काल रात्री साडेदहाला तो सौभाग्यवतींकडे तारेखाली सरकवायला सुताचा दोरा मागत होता.

"मामी, रीळ आहे का गं एखादं?"

त्यांनी शिलाईच्या डब्यातून रीळ काढून दिलं. "पांढरं घे. काळ्याला हात लावू नकोस, साडीचा फॉल राहिलाय माझा."